दुधावरची गोळी

“काय मेला गुण असतो एकेकीच्या हाताला!” कोंडाबाई म्हशीला म्हणाली.

म्हैस बिचारी कडबा चघळत उभी होती, तिचा ह्यात काही संबंध नव्हता. बोलणं होतं ओसरीवर तुरी निवडत बसलेल्या नणंदेला. लेकी बोले सुने लागे ही रीत आपल्याकडं जुनीच. कोंडाबाईला लेक नव्हती आणि सून अजून यायची होती, म्हणून तिनं म्हैस धरली. नणंद म्हणजे इंदिराबाई, सत्तरीची, कमठाण्याला दिलेली. सगळं घर तिला अक्का म्हणायचं. अक्कानं मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलला आणि बाजूला टाकला. तेवढ्यानंसुद्धा कोंडाबाईचं टाळकं फिरलं.

आता खोटं कशाला बोलायचं? कोंडाबाईला अक्काचा हेवा वाटत होता, आणि आजचा नाही, लग्नाच्या दिवसापासनं. पण ह्या महिन्यात त्या हेव्याला कारणही तसंच मिळालं होतं.

कोंडाबाईचा नवरा माणिकराव. कमलनगरात तीस वर्षं मराठी शाळेवर मास्तर, म्हणून सगळे गुरुजी म्हणायचे. अक्षर असं की कुणाच्या लग्नाची पत्रिका असो की विहारावरची पाटी, आधी गुरुजींकडून कागदावर लिहून घ्यायची आणि मगच पुढं द्यायची. त्या उजव्या हाताला चार वर्षांमागं कंप सुटला. आधी अंगठा, मग मनगट. मग सदऱ्याचं बटण लागेना. मग घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धं वरण मांडीवर. चालताना पाय मध्येच जमिनीला खिळायचे. बिदरच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला आणि गोळी दिली, दिवसातनं तीनदा. गोळी लागू पडली की अर्ध्यापाऊण तासात हात गप्प व्हायचा. पण ती कधी पडायची, कधी नाही. आणि अलीकडं तर जवळजवळ पडतच नव्हती.

कोंडाबाईनं काही कमी केलं होतं का? छे! डॉक्टर म्हणाला होता खरं, गोळी जेवणाच्या आधी घ्या. पण डॉक्टरचं ऐकावं आणि पोट आपलं सांभाळावं. गोळी म्हणजे गरम. रिकाम्या पोटी टाकली तर आतडी भाजून निघतात, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं आणि आईला तिच्या आईनं. गोळी द्यायची ती दुधावर. त्यासाठीच दोन वर्षांमागं लेकाच्या, अमरदीपच्या, मागं लागून तिनं म्हैस घ्यायला लावली. सकाळी सातला आणि सांजच्याला सातला, गोळीसंगं पितळी पेलाभर दूध, चांगलं आटवलेलं, वर बोटभर साय. गुरुजींना ती साय गिळवत नव्हती. पण कोंडाबाई समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली की गिळावीच लागायची. दुपारची गोळी जेवणात, पहिल्या वरणभाताच्या घासात दडवून.

एवढं करून मागच्या महिन्यात गुरुजी न्हाणीत पडले. हाड मोडलं नाही, पण बातमी कमठाण्याला गेली, आणि दुसऱ्या दिवशी अक्का एक पिशवी घेऊन दारात हजर.

“चार दिस ऱ्हाते,” अक्का म्हणाली. “तुला बी जरा हातभार.”

“ऱ्हावा की. घर तुमचंच हाय,” कोंडाबाई म्हणाली. तोंडानं म्हणाली.

कोंडाबाई रोज बाराला म्हशीच्या गवताला जायची ती दीडला परतायची. अक्का म्हणाली, दुपारची गोळी मी देत जाते, बाराला, वेळेवर. कोंडाबाईनं हो म्हटलं. आणि तिसऱ्या दिवशी दीड वाजता डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती दारात आली तर गुरुजी ओसरीवर उभे राहून आपल्या हातानं सदऱ्याची बटणं लावायलेले! वरचं, मधलं, खालचं. हात जरासुद्धा हलत नव्हता. भारा तिच्या डोक्यावरच राहिला.

“बघ,” गुरुजी हसून म्हणाले, “अक्कानं गोळी दिली.”

चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. दुपारी नवरा माणसात, आणि सांजच्याला कोंडाबाईच्या हातची गोळी घेतली की परत हात लटलट कापायचा, पाय उंबऱ्याशी अडायचा. चार दिवसांचे पंधरा दिवस झाले. शेजारची कमलम्मा भिंतीवरनं सगळं बघत होती. ती कन्नड घरातली, मराठी बोलायची ती ठसक्यात.

“एन्री, काय हो कोंडाबाई,” ती म्हणाली, “तुमच्या अक्काचा हात म्हंजी बंगारा हाय. सोनं! हातगुण लागतो एकेकाचा. डॉक्टरच्या गोळीत काय हाय?”

“आन माझा हात काय कोळसा हाय व्हय?”

“तसं कुठं म्हणले मी?”

तसंच म्हणाली होती ती. साऱ्या गल्लीत तेच चाललं होतं. बत्तीस वर्षं ह्या माणसाचे कपडे धुतले, दुखणी काढली, आणि गुण कुणाला? पंधरा दिवसांच्या पाव्हणीला! कोंडाबाईच्या जिवाची नुसती लाही लाही झाली.

आणि अक्का तरी कशी! घरात असून नसल्यासारखी. चुलीशी यायची नाही. ताटं वाढायची नाही, कोंडाबाई गवताहून येईस्तोवर भावाला घेऊन उपाशी बसून राहायची. चहा दिला तर म्हणायची, “मला बिनदुधाचा दे बाई.” घरात म्हैस, कासंडीभर दूध, आणि ही कोरा चहा पिणार, तोही ओसरीच्या टोकाला बसून! लोकांना काय वाटेल? भावजय दूध देत नाही असंच की नाही? कोंडाबाईच्या मते हा सगळा नखरा होता, आणि तो तिला बदनाम करण्यासाठीच होता.

लग्नाच्या पहिल्या वर्षीही हेच. गुरुजींची आई ते सहा वर्षांचे असताना गेली, अक्कानं वाढवलं, हे सगळं मान्य. पण म्हणून साडी घ्यायची तर “अक्काला इचारतो”, लेकराचं नाव ठेवायचं तर “अक्का काय म्हणती बघू”? कोंडाबाईनं त्या माणसासाठी कधीही काही केलं की त्याच्या आधी ते अक्कानं करून ठेवलेलं असायचं.

मग तिनं कंबर कसली. दुधात बदाम आले, खारकेची पूड आली. सकाळी दोन अंडी. रात्री घट्ट वरण, भरून दोन वाट्या. “खावा! ताकद आली की गोळी लागू पडंल.” गुरुजी खात होते आणि जास्तच कापत होते. एका सांजच्याला दूध आणि गोळी घेऊन ते उठले ते दारातच थिजले. पुढं नाही, मागं नाही. कोंडाबाई हाताला धरून ओढत होती, पाय निघत नव्हता, आणि त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. अक्का उठली, तिनं भावाच्या पावलापुढं आपली काठी आडवी टाकली आणि म्हणाली, “ही ओलांड बाबा.” आणि गुरुजींनी काठी ओलांडून पाऊल टाकलं!

कोंडाबाईला त्या क्षणी नवरा चालला ह्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. तो झाला नाही. तो अक्कानं चालवला, ह्याचंच दुःख झालं.

अमरदीप हे सगळं बघत होता. तो कमलनगर ते ठाणाकुशनूर जीप चालवायचा; बोलायला थोडा, पण एकदा बोलला की पक्का. जेवताना म्हणाला, “आई, मी ठरवलंय. येत्या रव्वारी अप्पाला आत्यासंगं कमठाण्याला सोडतो. दोन-तीन महिने ऱ्हाऊ दे. तिच्या हातानं त्यानला बरं वाटायलंय.”

“आन मी?”

“तू म्हशीला सोडून कशी येशील?”

म्हैस! जी तिनं नवऱ्यासाठी घेतली, तीच आता तिला नवऱ्यापासनं तोडणार होती. तिनं गुरुजींकडं पाहिलं. वाटलं, म्हणतील, मी कोंडाला सोडून जात न्हाई. गुरुजी भाकरी कुस्करत होते. म्हणाले, “अक्काकडं कडुनिंबाखाली बाज टाकली की लई गार वाटतं.”

त्या दिवशी कोंडाबाई जेवली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणारी बाई ती. गंडेदोरे, करणी, अंगारे असलं काही ह्या घरात तिच्या सासऱ्यानं सत्तर वर्षांमागंच बंद केलेलं. तरी तिच्या मनात आलंच, की ही काहीतरी करती. गोळीत काहीतरी मिसळती, नाहीतर कानात काहीतरी पुटपुटती. हेव्याला कुठलं आलंय पंचशील! शुक्रवारी ती बाराला विळा घेऊन निघाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि मागच्या बाजूनं गोठ्यात शिरून पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. आपल्याच घरात, चोरासारखी.

अक्कानं पाकिटातनं गोळी काढली. लोट्यात माठातलं पाणी घेतलं. “आ कर,” म्हणाली. गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. झालं. पुटपुटणं नाही, काही नाही. मग भावाचा कापता हात आपल्या मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. दोघं लहानपणच्या विहिरीबद्दल काहीतरी बोलत होते. कोंडाबाईच्या पायाला मुंग्या चावत होत्या, म्हैस शेपटीनं पाठीत मारत होती, पण ती जागची हलली नाही. हळूहळू, तिच्या डोळ्यांदेखत, तो हात थंडावला. गुरुजींनी पेन्सिल मागितली. पेपराच्या कोऱ्या कडेला त्यांनी लिहिलं आणि अक्कापुढं धरलं, आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं, कारण अक्काला वाचता येत नव्हतं.

“इंदिरा.”

बत्तीस वर्षांत त्या माणसानं कोंडाबाईचं नाव रेशनकार्डाच्या अर्जावर सोडून कुठंही लिहिलं नव्हतं.

तिला तिथंच बाहेर यायचं होतं, पण तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. पाणी! नुसतं पाणी! सत्तरीची बाई, भावाला रिकाम्या पोटी, निव्वळ पाण्यावर गोळी द्यायलीय! आतडी जाळायलीय त्याची! आज बरं वाटतंय, उद्या पोटात भोकं पडतील तेव्हा कळेल. सापडली! कोंडाबाईला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. ती आली तशीच मागनं गवताला निघून गेली. शनिवारी बिदरच्या डॉक्टरकडं जायचंच होतं. तिथं, साऱ्यांच्या देखत बोलायचं, असं तिनं ठरवलं. मग बघू रव्वारी कोण कुठं जातंय.

डॉक्टर चन्नवीर कलबुर्गीकडचा, पोरसवदा, मराठी बिदरात शिकलेला. त्यानं गुरुजींना उठवलं, बसवलं, बोटं उघडझाप करायला लावली. सकाळची सातची गोळी कोंडाबाईच्या हातची होती, त्यामुळं हात थरथरतच होता.

“डॉक्टरसाब,” कोंडाबाई पुढं सरकली, “आधी माझं ऐका. ही ह्यांची बहीण. ही दुपारची गोळी नुसत्या पाण्यावर देती. रिकाम्या पोटी! दुधाचा थेंब न्हाई! म्या माझ्या डोळ्यानं बगितलंय. मी बदाम घालून दूध देते, हिनं सगळ्यावर पाणी ओतलंय. सांगा हिला काय सांगायचं ते.”

अमरदीप आईकडं बघत राहिला. अक्का पदर सारखा करून खाली बघत होती. डॉक्टरनं लेखणी खाली ठेवली.

“अम्मा, दुपारच्या गोळीनं हात थांबतोय का?”

“थांबतोय,” गुरुजीच म्हणाले.

“आन दुधाच्या गोळीनं?”

गुरुजींनी आपला हात पुढं केला. डॉक्टर अमरदीपकडं वळला. “तुम्ही काय करता?”

“जीप चालवतो. ठाणाकुशनूर लाइनला.”

“मग तुम्हाला लगेच कळतंय. आतड्याला बारीक दारं असतात. खाल्लेलं सगळं आपोआप रक्तात जात नाही, काही गोष्टींना तिथं वाहन लागतंय, जीपसारखं. दूध, वरण, अंडं ह्यात जे सत्त्व असतंय, ते पोटात तुटतंय. त्याचे बारीक तुकडे होतात. काही तुकडे दोघं-तिघं हात धरून ऱ्हातात, त्यांची जीप वेगळी. दुसरी काही औषधं त्या जीपनं जातात. काही तुकडे अगदी एकेकटे सुटतात, त्यांची जीप वेगळी. आन ही जी तुमची गोळी हाय ना, ती ह्या एकेकट्यांच्या जीपनंच जाते. हिला दुसरं वाहन नाही. आता सांगा, दुधाचा बाजार भरला, स्टँडवर दोनशे माणूस उभं. जीप एक. गोळीचं काय होणार?”

“स्टँडवरच ऱ्हाणार,” अमरदीप हळूच म्हणाला.

“बरोबर. आन जी थोडी आतड्यातनं पुढं जाते, तिला मेंदूच्या दारात परत तीच गर्दी. म्हणून मी म्हणलो होतो, जेवणाच्या आधी. पाण्यासोबत. दूध, अंडी, वरण बंद नाही, माणसाला ताकद पाहिजेच. फक्त गोळीनंतर तासभर थांबायचं. आतडी भाजत नाहीत, अम्मा. मळमळलं तर बिस्कीट द्या, भाकरीचा तुकडा द्या. दूध नको.”

कोंडाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“म्हंजी... मीच?” ती म्हणाली. “मीच त्यानला कापत ठिवलं? दोन वर्सं?”

“तुम्ही प्रेमानं दिलंय, अम्मा.”

“प्रेमाला काय जाळायचंय!” असं म्हणून ती उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. न्हाणीत पडलेले गुरुजी तिला आठवत होते. दारात थिजलेले, रडणारे गुरुजी आठवत होते. आणि पेला संपेस्तोवर कमरेवर हात ठेवून समोर उभी असलेली ती स्वतः.

परतताना गुरुजी पुढं अमरदीपशेजारी, आणि मागच्या सीटवर नणंद-भावजय. भालकी मागं पडली. पण कोंडाबाईच्या पोटात एक गोष्ट राहिली होती, आणि ती तिला गप्प बसू देईना.

“अक्का, तुमाला हे जीपचं ठाव होतं व्हय?”

“मला कुठलं ठाव बाई? मी अडाणी.”

“मग दूध कामून दिलं न्हाई? भरलं पातेलं समोर असायचं. वर माझ्या तोंडाकडं बगून कोरा चा पिता. कामून? मला लोकांत हलकं पाडायला?”

अक्का खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, “तूच म्हणली होतीस की.”

“काय म्हणले होते?”

“अमरदीप तवा वर्साचा बी नव्हता. माझा मालक जाऊन दोन महिने झालते, मी संध्याला घिऊन तुमच्याकडं आल्ते. चार वर्साची पोर माझी, तापात होती. अर्धा शेर दूध यायचं घरात. मी त्यातलं कपभर काढून पोरीला पाजलं. तू आलीस न् म्हणलीस, हे माझ्या लेकराच्या तोंडचं हाय, पुन्यांदा माझ्या दुधाला हात लावायचा न्हाई.” अक्काचा आवाज अगदी सरळ होता, जसं कुणी तुरीचा भाव सांगावा. “मग न्हाई लावला.”

“कवा म्हणले मी असं?”

“अठ्ठावीस वर्सं झाली.”

कोंडाबाईनं आठवून पाहिलं. दूध कमी पडायचं ते आठवलं. अमरदीप रडायचा ते आठवलं. संध्या बारीक आवाजात खोकायची ते आठवलं. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना. तिनं ते टाकलं आणि विसरली; आणि ह्या बाईनं ते उचलून अठ्ठावीस वर्षं जपलं. चुलीशी न येणं, ताट न वाढणं, कोरा चहा, नुसतं पाणी. नखरा नव्हता तो. ह्या घरात आपला हात कुठवर पोचतो, हे अक्कानं एकदाच ऐकून ठेवलं होतं.

“भावाला तरी द्यायचं,” कोंडाबाई कशीबशी म्हणाली. “तुमचा भाऊ हाय त्यो.”

“भाऊ माझा हाय. दूध तुझं,” अक्का म्हणाली. “चुकलं न्हाई गं तुझं. तुझं बी लेकरूच होतं.”

रविवारी सकाळी सातला कोंडाबाईनं लोट्यात पाणी घेतलं. गोळी गुरुजींच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, आणि चुलीवरचं दूध खाली उतरवून झाकून ठेवलं. पावणेआठला हात थांबला. तिच्या हातच्या गोळीनं थांबला! ह्यासाठीच ती महिनाभर जळत होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं; कमलम्मा भिंतीवर नव्हती. असती तरी सांगण्यासारखं काय होतं? गुण पाण्याचा होता.

“आता कमठाण्याला जायचं कारण न्हाई,” अमरदीप म्हणाला. “आत्याला एकटीलाच सोडून येतो.”

कोंडाबाई जिंकली होती. ती आत गेली. पेलाभर दूध ओतलं, साखर घातली, साय बाजूला केली नाही, आणि ओसरीच्या टोकाला जाऊन अक्कापुढं धरलं.

“घ्या अक्का. मी म्हणले होते तर मीच म्हणते, घ्या. माझ्या दुधाला हात लावा.”

अक्कानं पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तिनं पेला हातात घेतला, एवढं मात्र केलं. दोन्ही हातांत धरून थोडा वेळ त्याची ऊब घेतली. मग खाली ठेवला.

“आता सोसत न्हाई गं मला,” ती म्हणाली. “त्या दिसापासनं कुठंच घेतलं न्हाई. मागं संध्याच्या घरी दोन घोट घेतलं तर रातभर पोट धरून बसले. पोट इसरलं आता दुधाला.”

“पोट इसरलं,” कोंडाबाई म्हणाली, “पर तुमी न्हाई इसरला.”

अक्कानं पदरानं पेल्याची कड पुसली आणि पेला भावजयीकडं सरकवला.

कोंडाबाई उठली. खुंटीवरची गुरुजींची पिशवी काढली. त्यात दोन सदरे, धोतर, चष्मा, गोळ्यांची पाकिटं घातली. गुरुजी आणि अमरदीप नुसते बघत होते.

“काय करायलीस?” गुरुजींनी विचारलं.

“जावा तुमी. कडुनिंबाखाली बाज टाकून बसा.”

“अगं पण आता गोळी तुझ्या हातनं बी—”

“गोळीसाठी न्हाई धाडायले,” ती फणकारली. “गोळी काय, पाण्यावर कुणी बी दील. बहिणीसंगं ऱ्हावा. पंधरा दिस. सोळावा उगवला तर मी म्हशीला घिऊन कमठाण्यात येईन, मग बगा!” आणि पाकिटं पिशवीतनं परत काढून तिनं अक्काच्या हातात दिली. “तुमच्याच हातानं द्या.”

जीप दारात लागली. गुरुजी चढायला निघाले तसा कोंडाबाईनं त्यांचा सदरा मागनं धरला. त्यांच्याच खिशातनं पेन्सिल काढून पुढं केली आणि दाराजवळची चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत दाखवली.

“जायच्या आधी माझं बी नाव लिवा.”

“आता?”

“आताच. हात हाय तवर.”

गुरुजींनी लिहिलं. कोंडाबाई. एकेक अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं. ते लिहीपर्यंत ती बाजूला उभी राहून बघत होती, आणि जीप गल्लीतनं वळून गेल्यावर तिनं आत जाऊन परवाचा पेपर काढला, भिंतीशी धरला आणि ‘इंदिरा’ मोठं की ‘कोंडाबाई’ ते बोटानं मोजलं. भिंतीवरचं चांगलं दोन बोटं मोठं होतं. जीव थोडा थंडावला, अगदीच थोडा.

मग तिनं चहा टाकला. दुधाचं पातेलं बाजूलाच होतं, वर जाड साय धरलेली, आणि घरात प्यायला कुणी नव्हतं. तिनं झाकण उचललं आणि परत ठेवलं. कोरा चहा कपात ओतून ती ओसरीच्या टोकाला, अक्का बसायची त्या जागेवर जाऊन बसली.

पहिला घोट कडू लागला. अठ्ठावीस वर्षं, ती मनात म्हणाली, आणि दुसरा घेतला.